अण्णांच्या खिशातलं कार्ड

"दे गं मशीन, साफ करून देतो," अण्णा म्हणाले आणि हात पुढे केला.

मी आरशासमोर उभी होते. शकूआत्या खाली बसून माझ्या निऱ्या सारख्या करत होती. जयसिंगपूरचे चौगुले मला बघायला यायला निघाले होते आणि घरात आम्ही तीनच माणसं असूनही लग्नघराची धांदल उडाली होती.

"कालच पुसलंय मी," मी म्हणाले.

"तरी दे की. पाहुण्यांसमोर शिटी वाजली म्हणजे?"

श्रवणयंत्र कानात नीट बसलं नाही तर शिटी मारतं, हे खरं. मी मशीन काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते काढलं की माझ्यापुरतं जग बंद. डावा कान जन्मापासून गेलेला, उजवा मशीनच्या जोरावर चालणारा. आत्याचे ओठ हलत राहिले, बहुधा साडीच्या काठांचं कौतुक चाललं असावं. साडी आईची होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात ती माझ्याशी बोलतच नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि मी उशाशी बसले तरी वळायची नाही. "तुझ्यावर रागावूनच गेली बाई," असं आत्या सगळ्यांना सांगायची. कशाबद्दल रागावली ते मला कधी कळलं नाही, आणि आता विचारायची सोय नव्हती.

अण्णा पडदा सारून दुकानात गेले. सांगलीच्या गणपती पेठेत पुढे दुकान आणि मागे घर अशी आमची जागा. पाटी 'मगदूम श्रवणयंत्र केंद्र'. पेठेतले निम्मे म्हातारे अण्णांच्या हाताखालून गेलेले. मीही तिथंच काम करायची. गिऱ्हाइकाच्या कानात लगदा भरून साचा घ्यायचा, सेल बदलायचे, नळ्या धुवायच्या, घाबरलेल्या आजीबाईंची समजूत काढायची, हे माझ्याकडे. मशीनमध्ये आवाज बसवून देणं हे मात्र फक्त अण्णांचं.

त्यासाठी एक जुना, पाट्यासारखा जड लॅपटॉप होता. त्याच्या डाव्या कुशीला एक फट होती, आणि त्या फटीत सरकवायचं एक कार्ड. खेळायच्या पत्त्याहून थोडं जाड, पत्र्याचं. त्याच्या टोकाला वायर लावायची, वायरीचं दुसरं टोक मशीनला, की पडद्यावर त्या माणसाच्या ऐकण्याच्या पट्ट्या यायच्या. हळू आवाज किती वाढवायचा, मधला किती, मोठा किती, सगळं वर-खाली करता यायचं. कार्ड नसेल तर लॅपटॉप असून नसल्यासारखा. म्हणून दुकान बंद करताना, अगदी दुपारी जेवायला उठतानासुद्धा, अण्णा फटीशेजारचं बटण दाबायचे. कार्ड खट्दिशी बाहेर यायचं आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात जायचं. फटीत धूळ जाऊ नये म्हणून लॅपटॉपबरोबरच एक प्लास्टिकचं खोटं कार्ड आलेलं होतं, ते तिथं बसायचं. आत काही नाही, नुसता आकार.

"सोनं आहे ते आपलं," अण्णा खिशावर थाप मारून म्हणायचे.

बघून बघून मलाही पट्ट्या कळायला लागल्या होत्या. पण माझ्या स्वतःच्या मशीनला मी हात लावायचा नाही, हा घरचा नियम होता. "डॉक्टर कधी स्वतःचं ऑपरेशन करतो का?" हे त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर. मला ते पटायचं. बापाने लेकीचा कान सांभाळायचा, यात न पटण्यासारखं काय होतं?

मशीन परत आलं, मी घातलं, आणि चौगुले आले.

मुलाचं नाव अभिनंदन. मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान. पहिलं लग्न मोडलेलं. "पहिलीचं डोकं ठिकाणावर नव्हतं," असं आत्याने आधीच सांगून ठेवलं होतं. माझ्यासारखीला कोरं स्थळ कुठून मिळणार, हेही तिनेच सांगितलं होतं, आणि एकदा नाही. पण मुलगा समोर बसून स्वच्छ बोलला. तुम्ही साचे कसे घेता, लहान मुलं रडतात का, असं काहीबाही विचारलं. खोटं कशाला बोलू, मला तो बरा वाटला.

त्याची आई पलीकडे अण्णांशी आणि आत्याशी बोलत होती. तोंडाशी पदर धरलेला, त्यामुळे ओठ दिसेनात, आणि आवाज तर पोचतच नव्हता. मधूनच ती माझ्याकडे बघायची. मी हसून मान हलवायची. बहिऱ्या माणसाला ही सवय लागते. कळलं नाही की हसायचं, आणि पुन्हा नाही कळलं तर मान हलवायची. त्या मान हलवण्यावर लोक काय काय ठरवून टाकतात, ते मागाहून कळतं.

मुलगी पसंत पडली. बोलणी पक्की करायला गुरुवारी येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. मी गॅसपाशीच उभी होते. दूध वर येतानाची सुरसुर मला मशीनमधून बारीक, पण ऐकू यायची. त्या दिवशी आली ती आत्याची बोंबच. मग एकेक लक्षात यायला लागलं. डोक्यावरचा पंखा मुका झाला होता. आत्या केर काढत होती तर खराट्याचा आवाज नाही. समोर उभं राहून बोललेलं नीट ऐकू यायचं, गाड्यांचे हॉर्न यायचे, पण आवाज जरा खाली गेला किंवा माणूस जरा लांब गेला, की सगळं पुसलेलं.

"अण्णा, आवाज कमी झालाय."

"सर्दी असेल."

"सर्दी नाही मला."

"मग मनाचे खेळ. लग्न ठरायच्या वेळी होतं पोरींना असं."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की मी गप्प बसले. पण काम तर मी त्याच दुकानात करत होते. गिऱ्हाइकाने अशी तक्रार आणली तर आम्ही काय करायचो? आधी सेल बदलायचा. मी बदलला. मग नळी बघायची. मी नवी घातली. मग साच्यात मळ अडकलाय का ते बघायचं. साचा आरशासारखा लख्ख होता. मग कान तपासायचा. तपासणीच्या आवाजबंद पेटीत बसून मी स्वतःच बटणं दाबून पाहिली. कान होता तिथंच होता. एवढं सगळं बरोबर असेल तर उरतात त्या पट्ट्या, आणि त्यांना हात लावणारं माणूस घरात एकच.

मला खरंच वाटलं, अण्णांच्या हातून चूक झाली असेल. पाहुण्यांच्या गडबडीत नको ती पट्टी खाली गेली असेल. बुधवारी दुपारी ते जेवून झोपले. शर्ट खुंटीला होता. मी खिशातून कार्ड काढलं. बापाच्या खिशात हात घालायची ती पहिलीच वेळ. दुकानाचं दार ओढून घेतलं, लॅपटॉप उघडला, खोटं कार्ड काढलं, खरं सरकवलं आणि वायर मशीनला जोडून मशीन कानात घातलं.

पट्ट्या आल्या. मोठा आवाज जिथं हवा तिथं. मधला जिथं हवा तिथं. आणि हळू आवाजाच्या सगळ्या पट्ट्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तळाला.

चूक अशी होत नाही. चुकून एखादी पट्टी हलते. सगळ्या ओळीने तळाला नेऊन ठेवायला बसून, निवांतपणे, एकेक खाली ओढावी लागते.

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर कळलं. मी एकेक पट्टी वर चढवत गेले. आधी पंखा आला. मग रस्त्यावरच्या सायकलीची साखळी. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, जी मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. कित्येक महिन्यांत! म्हणजे हे परवाचं नव्हतं. शेवटी पडद्याआडून अण्णांचं घोरणं आलं. निवांत, तृप्त घोरणं. मी ते बराच वेळ ऐकत बसले. मग कार्ड खिशात ठेवलं, खोटं कार्ड फटीत बसवलं आणि चहा टाकला.

त्यांना लगेच उठवून का विचारलं नाही, असं पुढे मला कितीतरी जणांनी विचारलं. पट्ट्या खाली का नेल्या हे मला अण्णांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ते सर्दी म्हणाले असते. मला ते ऐकायचं होतं जे मी ऐकू नये म्हणून त्यांनी एवढी मेहनत घेतली होती.

गुरुवारी अण्णांनी मशीन साफ करायला मागितलं नाही. मागायची गरजच नव्हती. त्यांच्या समजुतीप्रमाणे माझा कान अजून त्यांनी ठेवला होता तिथंच होता.

पाहुणे दुपारी आले. सूर्यास्ताच्या आत जेवून निघायचं म्हणून आत्याने सकाळपासून पुरणपोळ्या लाटल्या होत्या. मी पोह्यांच्या बश्या फिरवल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. चौगुलेकाकूंनी पदर तोंडाशी धरला.

"मुलगी शांत आहे तेच बरं हो," त्या म्हणाल्या. इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी दचकले. मांडीवर हात घट्ट धरून बसले. "आधीची शब्दाला शब्द लावायची. आमच्या अभीचा राग तुम्हाला सांगितलाच आहे मागच्या वेळी. तोंड सुटलं की समोरच्याचे आई-बाप काढतो. कधी हातही उचलतो. पण मनात काही नसतं त्याच्या."

"असू दे की," आत्या म्हणाली. "हिला ऐकूच येत नाही म्हटल्यावर लागणार कुठनं?"

"पण मशीन घालते ना? ते कमी-जास्त करता येतं म्हणाला होतात तुम्ही."

हे अण्णांना होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बशीतल्या कोथिंबिरीकडे बघत राहिले. मनात म्हणत होते, नाही म्हणा. एवढं एकदा नाही म्हणा, बाकी सगळं मी विसरते.

"येतं," अण्णा हळूच म्हणाले. "महिन्या-दोन महिन्यांनी माहेरी येईलच ती. मी बसवून देत जाईन. तुम्ही फक्त कळवा, कसं ठेवायचं ते."

चौगुलेकाकूंनी माझ्याकडे बघून गोड हसून मान हलवली. मीही हसले. मग त्यांच्याएवढ्याच हळू आवाजात विचारलं, "काकू, ते हात कुठला उचलतात?"

चौगुलेकाकूंच्या तोंडावरचा पदर खाली आला.

"नाही, उजवा उचलत असतील तर माझ्या डाव्या कानावर बसेल. तो गेलेलाच आहे. डावा उचलत असतील तर पंचाईत. माझं मशीन उजवीकडे असतं."

"पद्मा!" अण्णा ओरडले.

"हळू बोला अण्णा. सगळं येतंय."

अभिनंदन ताडकन उठला. बशी खाली पडली. स्वच्छ बोलणाऱ्या त्या माणसाचा चेहरा एका क्षणात असा बदलला की त्याच्या पहिल्या बायकोचं डोकं अगदी ठिकाणावर होतं हे मला पटलं. बहिरट, माजलेली, तुला कोण विचारतंय, असं तो बोलत सुटला आणि खरंच माझा बापही काढला त्याने. अण्णा नजर खाली घालून उभे. माझा हात सवयीने मशीनकडे गेला. कुणी ओरडलं की मी ते बंद करायची. त्या दिवशी मी हात खाली घेतला.

"ओरडा," मी म्हणाले. "शेवटपर्यंत ऐकते."

ऐकायला कुणी आहे म्हटल्यावर त्याला फार वेळ ओरडता आलं नाही. ते गेले. पुरणपोळ्या तशाच राहिल्या.

"बापाची अब्रू वेशीला टांगलीस," आत्या म्हणाली. "बहिऱ्या पोरीला स्थळ आणायचं म्हणजे काय असतं, तुला काय कळणार?"

"तू आत जा आत्या," मी म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे बघून गेली.

अण्णा खुर्चीवर बसले होते. खिशातून कार्डाची कड दिसत होती. मी जवळ गेले, खिशात बोटं घातली आणि कार्ड काढून घेतलं. त्यांनी हात वर केला, पण माझा धरला नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"लोक काय काय बोलतात गं तुझ्यामागं," अण्णा म्हणाले. "लग्नाकार्यात, दुकानात. कुणी ठार बहिरी म्हणतं, कुणी अपशकुनी. मी बाप आहे. तुला लागू नये म्हणून जरा खाली ठेवायचो. कार्य झालं की परत वर. कधी थोडं खालीच राहायचं, एवढंच."

"आज काय लागू नये म्हणून ठेवलं होतं? मार?"

मी कार्ड मुठीत धरून उभी होते. त्याच्या कडा तळव्यात रुतत होत्या. साफ करून देतो, साफ करून देतो. अण्णांनी कधी कधी मशीन मागितलं होतं ते मी आठवत गेले. मावसबहिणीचं लग्न. काकांचं बारावं. आणि मग ती खोली, ती कॉट, भिंतीकडे केलेलं तोंड.

"आईच्या आजारपणात घेतलं होतंत तुम्ही मशीन," मी म्हणाले.

अण्णांनी मान खाली घातली.

"अण्णा, आई बोलत होती माझ्याशी?"

"फार विव्हळायची गं ती. तुला बघवलं नसतं. ऐकवलं तर अजिबात नसतं."

"बोलत होती का माझ्याशी, ते सांगा."

"आवाज राहिला नव्हता तिला, ओठही धड हलत नव्हते. पद्मा, पद्मा करायची. तू उशाशीच असायचीस." मग ज्या आवाजात चौगुल्यांना शब्द दिला होता त्याच आवाजात म्हणाले, "तिला वाटायचं, तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. म्हणून तोंड फिरवलं तिनं."

ते वाक्य मला अगदी नीट ऐकू आलं. एकही अक्षर गेलं नाही.

मी रडले नाही. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "उद्यापासून पट्ट्या मी करणार. तुम्ही साचे घ्या. कार्ड माझ्याकडे राहील."

"पद्मा, अगं, दुकान माझं आहे."

"मग चालवा कार्डाशिवाय."

केसाने गळा कापणारा माणूस परका असला तर बरं असतं, पुन्हा तोंड तरी बघावं लागत नाही. मी त्या बापाशेजारी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी साचे घेतले, मी आवाज बसवले. कार्ड माझ्या पर्समध्ये असायचं. पुढे तो लॅपटॉप गेला, नवे आले त्यांना तसली फटच नव्हती. आता तर मशीनचे आवाज मोबाइलवरून बसवता येतात आणि माझे मी स्वतः बसवते. कार्ड गल्ल्याच्या खणात पडून आहे. ते बसेल असं यंत्र आता कुठं उरलेलं नाही, पण मी ते टाकलेलं नाही.

अण्णा थकलेत. दोन्ही कान गेले. मशीन मीच दिलंय, दुकानातलं सगळ्यात चांगलं. दर काही दिवसांनी ते पडदा सारून येतात आणि काउंटरशी उभे राहतात.

"पद्मा, जरा कमी कर की गं. पलीकडच्या खोलीत कुजबुजलेलंसुद्धा येतंय मला. डोळा लागत नाही."

"कुणी हाक मारली तर ऐकू यायला नको का?" मी विचारते.

मग ते मान पुढे करतात. मी मशीन त्यांच्या कानातून काढते, खरोखर साफ करते, आणि होतं तसंच परत घालते.